नाकाने तपासलेल्या गाड्या

माणूस आपला जीव निर्धास्त मनाने दोनच हातांत सोपवतो, एक वैद्याच्या आणि दुसरा यंत्रज्ञाच्या.

हे वाक्य माझं नाही, माझ्या मानपत्रातलं आहे. लिहिणारे गुरुजी आमच्या धाराशिवकडच्या वाशीचेच. त्यांनी आयुष्यात गाडी घेतली नाही, ते एसटीने फिरतात आणि आजारी पडले तर आधी अंगारा लावून बघतात. त्यामुळे हा अनुभव त्यांना कुठून आला ते मला कळलेलं नाही. त्याच मानपत्रात मला ‘यंत्रमहर्षी’ही म्हटलंय. महर्षी म्हटल्यावर दाढी तरी हवी होती. मी रोज गुळगुळीत करतो, कारण पेट्रोल आणि ग्रीस दाढीत मुरलं की घरात जेवायला वेगळं बसवतात.

मी वाशीत गाड्यांचा मिस्तरी. इंजिन उघडणाऱ्या मिस्तरीला गावात मान असतो. त्याच्याभोवती माणसं उभी राहतात, आत डोकावतात, काही न कळता माना डोलावतात. माझं काम मागच्या चाकाच्या आत, पाठीवर पडून करायचं. तिथं डोकावायला कोणी येत नाही. जुन्या गाड्यांचे गळके पेट्रोल पाइप बदलायचे आणि पेट्रोल ओतायचा गंजलेला नळा दुरुस्त करायचा, एवढंच मी चाळीस वर्षं केलं.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पंपावर तुम्ही गाडीच्या कुशीतलं झाकण उघडता. तिथून टाकीपर्यंत एक वाकडा लोखंडी नळा गेलेला असतो. नळा आणि टाकी यांच्यामध्ये वीतभर जाड रबरी पाइप, त्याच्या दोन्ही टोकांना आवळलेल्या क्लिपा. शेजारून एक बारीक पाइप जातो, पेट्रोल आत जाताना टाकीतली हवा त्यातून बाहेर येते. मागचं चाक पावसाळाभर या नळ्यावर चिखल मारत राहतं. नळा बसवलेल्या पट्टीमागं चिखल अडकतो, ओल धरतो आणि लोखंड तिथून पोखरतं. वरून रंग शाबूत दिसतो. पेचकसाचं टोक लावलं की आत जातं.

जुन्या गाड्यांना नवा नळा मिळत नाही. मग सोलापूरच्या भंगारात हिंडून मेलेल्या गाडीचा आणायचा, नाहीतर गंजका भाग कापून चांगला तुकडा पितळेच्या डाकेनं जोडायचा. रबराची गोष्ट अलीकडे आणखी बिघडली. पेट्रोलमध्ये आता उसाचं इथेनॉल मिसळतात. जुन्या गाड्यांचं रबर त्याच्यासाठी केलेलं नाही. ते फुगतं, मऊ पडतं, मग भेगाळतं. आमच्याकडचा ऊसवाला शेतकरी जुनी गाडी घेऊन येतो आणि विचारतो, “मिस्तरी, चांगला पाइप कशानं खाल्ला हो?” मी त्याच्या उसाकडं बोट करत नाही. उगाच माणसाला अपराधी वाटायचं.

इंजिनाकडं जाणारा पाइप गळला तर जमिनीवर डाग पडतो, मालकाला कळतं. नळ्याची गळती लबाड असते. नळा टाकीच्या वरच्या अंगाला असतो. टाकी गळ्यापर्यंत भरल्याशिवाय तिथून थेंब येत नाही, आणि आमच्या भागात टाकी गळ्यापर्यंत कोण भरतो? पंपावर काच खाली करून माणूस म्हणतो, “दोनशेचं टाक.” वर्षानुवर्षं पेट्रोल तळाशीच खेळत राहतं आणि वर नळा निवांत गंजतो. मग घरात लग्न निघतं, किंवा कोणाला पुण्याच्या दवाखान्यात हलवायची वेळ येते, तेव्हा एकदाची टाकी भरली जाते. म्हणजे ज्या दिवशी गाडीत माणसं दाटीवाटीनं बसलेली असतात, नेमक्या त्या दिवशी ती गळते.

वाफ मात्र अर्ध्या टाकीतूनही निघते. पोखरलेल्या नळ्यातून ती येत असते, दिसत नाही, जड असते म्हणून खाली साचते, आणि पेटते ती तीच. तिला पकडायचं माझ्याकडे एकच हत्यार होतं, नाक. काम झालं की मी गाडीभोवती वाकून एक फेरी मारायचो. कुठं थांबलो तर गिऱ्हाईक समजायचं, अजून एक दिवस गेला.

नाना तऱ्हेची माणसं आली. तुळजापूरचे एक पुजारी गाडी घेऊन आले, कारण त्यांची बायको वासामुळं गाडीत बसत नव्हती. पुजारीकाका म्हणाले, “मला तर वास येत नाही. माहेरी सोडतो म्हटलं की मात्र तिलाही येत नाही.” मी खाली गेलो तर रबरी पाइपाच्या जागी सायकलची ट्यूब, वर सुतळी. कोणी लावली विचारलं तर काका आभाळाकडं बघायला लागले. ते पौरोहित्य करतात, आभाळाकडं बघायची त्यांना सवय आहे. ट्यूब त्यांनीच लावली होती.

माझ्या नाकाचं नाव झालं ते एका मिरवणुकीत. आमच्या तालुक्यात एक मोठे साहेब होते, आता नाहीत. त्यांची एक उघडी जीप होती. ती वर्षभर ताडपत्रीखाली असायची आणि एका दिवशी मिरवणुकीला निघायची. त्या दिवशी तिची टाकी भरत, अंग पुसत, पुढं फुलांचं तोरण बांधत. नळा कोणी पुसत नसे. मी चौकात गर्दीत उभा होतो. गुलाल, अत्तर, घाम, भज्यांचं तेल, या सगळ्यातून एकदम पेट्रोल आलं. ओलं, ताजं. जीप माझ्यापासून दहा हातांवर होती आणि तिच्या पुढ्यात तेरखेड्याच्या फटाक्यांची लांबलचक माळ पसरलेली. एका माणसानं वात पेटवलीही होती.

मी ओरडलो, “विझव! विझव ती!”

त्या माणसानं मला कोण, कशाला, काही विचारलं नाही. वाकला आणि जळती वात दोन बोटांच्या चिमटीत दाबून विझवली. बाकीच्यांना मात्र विचारायचं होतं.

“ओ मिस्तरी,” एक कार्यकर्ता म्हणाला, “लाईनीत या. साहेबांना हार घालायचाय का?”

“हार नको. साबण आण.”

“साबण? साहेब सकाळीच आंघोळ करून आल्यात.”

“कपड्याचा साबण, आणि एक फडकं. पळ.”

पेट्रोल गळायला लागलं की घटकाभरासाठी कपड्याचा साबण मळून भेगेत दाबतात. पेट्रोल त्याला विरघळवत नाही. हा कायमचा इलाज नव्हे, पण गाडी गर्दीतून बाहेर काढायला पुरतो. मी जीपखाली शिरलो. साहेब काही उतरेनात. उतरले असते तर मिरवणूक मोडल्यासारखं दिसलं असतं. चाळीस मिनिटं ते हात जोडून उभे होते आणि त्यांच्याखाली मी उताणा पडून साबण मळत होतो. बँड वाजतच राहिला. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत साहेबांच्या धीरोदात्तपणाचा उल्लेख होता.

वात विझवणारा तो माणूस म्हणजे दिगंबर. तेरखेड्याचा. त्याच्या घरात फटाक्याचंच काम. तेव्हा तो तिशीचा असेल. जीपखालून निघालो तर त्यानं हात देऊन मला उठवलं. म्हणाला, “मिस्तरी, आज तुमच्या नाकानं माझं खानदान वाचवलं. माझीबी एक व्हॅन हाय, पेट्रोलचीच. तुमच्या हाताखालनं गेल्याबिगर मी तिच्यात माल भरणार न्हाय.”

त्यानं शब्द पाळला. दरवर्षी दिवाळीआधी तो व्हॅन घेऊन यायचा, मी पाइप बघायचो, फेरी मारायचो, मग तो त्या व्हॅनमध्ये फटाक्यांच्या पेट्या छतापर्यंत रचून धाराशिवच्या दुकानांत पोचवायचा. परवाना, बंदिस्त टेंपो, हे सगळं असायला हवं हे त्याला माहीत होतं, मलाही. त्याच्या व्यवहारात एवढीच व्हॅन बसत होती. पेट्यांखाली एक थर पत्र्याचा, त्याखाली टाकी. त्या दोहोंमध्ये माझं नाक.

कोरोनात ते गेलं.

तापातून उठलो आणि नेहमीप्रमाणं काळे हात पेट्रोलनं धुतले. पाणी लागावं तसं लागलं. बाटली नाकाशी धरली, खोल श्वास घेतला. काही नाही. धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिन्यांत येईल. पुष्कळांचं आलं. माझं आलं नाही. घरी कांदा, हिंग, उदबत्ती, सगळं एकसारखं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “बरंय, आता तुमाला तुमच्या कपड्यांचा वास येणार न्हाय. मला येतोय.”

गिऱ्हाइकांना मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. एका पाटीचं काम होतं. पण त्या पाटीनंतर माझ्याकडे यायचं कारण काय राहिलं असतं? पाइप कोणीही बदलतो. मी रोज ठरवत होतो की उद्या सांगू.

माझ्या गॅरेजला लागून सुमनबाईंची चहाची टपरी. नवरा वारल्यापासून त्या एकट्याच चालवतात. एकदा मी त्यांच्या बाकावर पेपर वाचत बसलो होतो आणि त्या कोपऱ्यावर साखर आणायला गेल्या. परत आल्या त्या ओरडतच. “अवं मिस्तरी! दूध करपून कोळसा झालं, धूर झालाय, अन् तुमी हितं बसून पेपर वाचायलाव?” मी वर बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. बाई हुशार. पातेलं उतरवलं आणि हळूच विचारलं, “कधीपासनं?”

त्यानंतर त्या माझं नाक झाल्या. काम संपलं की मी हाक मारायचो, “सुमनबाई, दोन चहा.” त्या चहा घेऊन गाडीच्या मागच्या बाजूनं यायच्या. गाडी साफ असली तर माझा ग्लास बाकावर ठेवायच्या. वास असला तर बॉनेटवर. गिऱ्हाइकासमोर एक शब्द बोलायची गरज नव्हती. एकदा त्यांनी ग्लास टपावर ठेवला. मी घाबरून सगळी टाकी खाली उतरवली, काही सापडेना. विचारलं तर म्हणाल्या, “बाकावर मांजर बसलं होतं.”

याच काळात माझा सत्कार झाला. व्यापाऱ्यांच्या एका मंडळाला रौप्यमहोत्सव साजरा करायचा होता आणि सत्कारासाठी माणसं कमी पडत होती. त्या जुन्या मिरवणुकीची गोष्ट कोणाला तरी आठवली. व्यासपीठावर वक्त्यानं माझ्या नाकाचं वर्णन अर्धा तास केलं. अशी घ्राणशक्ती म्हणजे दैवी देणगी, असं तो म्हणाला. गळ्यात मोगऱ्याचा हार होता. तो मोगऱ्याचा होता हे मला डोळ्यांनी कळलं. पहिल्या रांगेत सुमनबाई बसल्या होत्या. टाळ्या वाजत असताना त्या तेवढ्या हातावर हात ठेवून खाली बघत होत्या. मी माइकसमोर उभा राहिलो. तिथं सांगता आलं असतं. मी आयोजकांचे आभार मानले.

मागल्या दिवाळीची गोष्ट. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी कोजागरी येते आणि आमच्या भागातली निम्मी माणसं तुळजापूरला चालत निघतात. सुमनबाई दरसाल जातात. चार दिवस टपरी बंद. त्या चार दिवसांत मी नळ्याचं काम घेत नसे, काहीतरी कारण सांगून पुढं ढकलत असे.

कोजागरीच्या आदल्या दिवशी दुपारी दिगंबर आला.

“मिस्तरी, बघा बरं जरा. उद्या माल न्यायचाय.”

“चार दिसांनी आण की.”

“चार दिसांनी दुकानदार माझ्याकडनं घेईल व्हय? समद्यांच्या गाड्या लागल्यात. उद्या न्हाय पोचलो तर ह्या सालचा माल घरातच उडवावा लागंल.”

“टाकीत किती हाय?”

“काटा हालतोय, एवढं हाय.”

“भरून आण. भरल्याबिगर नळ्याचं खरं कळत न्हाय.”

तो हसला. “मिस्तरी, टाकी भरायला पैसं हवं, माल तर जाऊ द्या आधी. अन् तुमाला कधीपासनं भरलेली टाकी लागाय लागली?”

तेव्हा सांगायला हवं होतं. समोर तो एकटा होता, जवळपास कोणी नव्हतं. मी पाठीवर पडलो आणि आत सरकलो.

रबरी पाइप भेगाळला होता, बदलला. क्लिपा नव्या टाकल्या. नळ्याला जिथं हात पोचला तिथं पेचकस लावून बघितला, ठीक होता. पट्टीमागं हात पोचत नव्हता. पट्टी सोडवायची तर गंजलेले बोल्ट तोडायला लागले असते, दिवस गेला असता. पूर्वी अशा वेळी मी नाक लावायचो आणि ठरवायचो, दिवस घालवायचा की नाही. खडूची पूड उडवून बघितली, ओली जागा असली की पूड काळी पडते. पडली नाही. पडणार कशी, पेट्रोल तळाला होतं.

बाहेर आलो. फेरी मारली. रिकामी, सवयीची फेरी. मग दिगंबरला म्हणालो, “तू बी जरा वाकून बघ रं, हितं मागल्या चाकापाशी. वास हाय का?”

तो गुडघ्यावर बसला. डोळे मिटून, छाती फुगवून चांगला लांब श्वास घेतला. उठून हात झटकले.

“एकदम साफ, मिस्तरी.”

“मग जा.”

पुढचं सगळं मला सुमनबाईंनी सांगितलं, कारण त्या गाडीत होत्या.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी त्या तुळजापूरहून एसटीनं धाराशिवला उतरल्या. पायांना फोड आलेले. बाजारात त्यांना दिगंबरची व्हॅन दिसली. दुसऱ्या खेपेचा मालही पोचला होता, व्हॅन रिकामी होती, आणि दिगंबर खुशीत होता, कारण दुकानदारानं दिवाळीची भेट म्हणून पंपावर नेऊन त्याची टाकी काठोकाठ भरून दिली होती. त्या व्हॅनला अनेक वर्षांत ते सुख मिळालं नव्हतं. दिगंबर म्हणाला, “मावशी, बसा, वाशीपर्यंत सोडतो.” सुमनबाई मागच्या सीटवर आडव्या झाल्या.

येडशीच्या अलीकडं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, “दिगंबर, पेट्रोलचा वास यायलाय रं.”

तो म्हणाला, “मावशी, आत्ताच भरलंय. हाताला लागलं आसंल माझ्या.”

थोड्या वेळानं त्या उठून बसल्या. “न्हाय रं, लई यायलाय. थांबव.”

“अवं मावशी, परवाच मिस्तरीनं तपासलीय. स्वतः.”

माझ्याबद्दल खरं काय ते त्या गाडीत त्यांनाच माहीत होतं. त्या म्हणतात, “मी तोंड उघडलंच होतं. तुमच्या नाकाचं सांगावं की न सांगावं, एवढ्यापुरतं थांबले.” तेवढ्यात वळण आलं आणि खालून भप्प असा आवाज झाला. पट्टीमागच्या भोकातून पेट्रोल उसळून तापलेल्या सायलेन्सरवर पडलं असणार.

दिगंबर पुढच्या दारानं उडी मारून सुटला होता. मागचं सरकतं दार अडकलं. आत सुमनबाई. त्यानं परत येऊन पेटत्या बाजूनं हात घालून दार ओढलं, त्यांना खेचून रस्त्यापलीकडं शेतात नेलं. सुमनबाईंच्या लुगड्याचा काठ जळला, बाकी काही नाही. दिगंबरचा उजवा हात कोपरापर्यंत गेला. म्हणजे हात आहे, बोटं आहेत. ती आता आत वळून बसली आहेत आणि उघडत नाहीत. फटाक्याच्या कामात सगळं बोटांवर चालतं. कागद वळायचा, वात बसवायची, सुतळी ओढायची. आयुष्यभर फटाक्याच्या दारूत काम करून त्याच्या त्या हाताला ओरखडा नव्हता.

धाराशिवच्या दवाखान्यात मी तिसऱ्या दिवशी गेलो. पहिले दोन दिवस गेलो नाही, त्याला काही कारण नाही.

तो खाटेवर टेकून बसला होता, हात पांढऱ्या बोचक्यात. मला बघून म्हणाला, “या मिस्तरी. बरं झालं, माल उतरवून झाला होता.”

मी म्हणालो, “दिगंबर, मला चार वर्षं झाली वास कळत न्हाय. कोरोनात नाक गेलं. तुझी गाडी मी नाकानं तपासलीच न्हाय.”

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा डोळे उघडे ठेवून ऐकत होता.

मग दिगंबर म्हणाला, “मला बारा वर्षं झाली. गंधकानं गेलं. आमच्याकडं लई जणांचं जातंय.”

“मग त्या दिशी एवढा श्वास घेऊन साफ कसं म्हणलास?”

“तुमी विचारलं म्हून. म्हणलं मिस्तरीनं तर बघितलंय, आता रीत म्हून मला विचारायलेत. तुमच्यापुढं कुठं सांगू, मला नाक न्हाय? तुमी म्हणला असता, असल्या माणसाच्या गाडीत फटाके कशाला.” मग त्यानं माझ्याकडं बघितलं. “खरंच म्हणला असता का?”

“म्हणलो असतो.”

“मग बरोबर केलं मी,” तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड केलं.

मागल्या चाकापाशी आम्ही दोघं वाकलो होतो. दोघांनाही काही कळत नव्हतं, आणि दोघांनीही एकमेकांवर हवाला ठेवला. वास घेऊ शकणारी एकटी बाई त्या वेळी अनवाणी तुळजापूरच्या रस्त्याला होती.

मी पोलीस ठाण्यात गेलो. पंचनाम्यात शॉर्ट सर्किट लिहिलं होतं. जळालेल्या गाडीच्या पंचनाम्यात मी आजवर दुसरं कारण वाचलेलं नाही. लिहिणाऱ्या हवालदाराला मी सगळं सांगितलं. नळा, पट्टी, नाक. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “मिस्तरी, माणूस जिवंत हाय, बाई जिवंत हाय, कागद झालाय. तुमचं नाक आता कुठल्या रकान्यात लिहू?” त्याचंही बरोबर होतं, तसा रकाना नव्हता. मी विचारलं, मला काही शिक्षा? तो म्हणाला, “चहा घ्या.”

शिक्षा कोणीच केली नाही, आणि हे मला अजून सोसत नाही. गावात अफवा अशी की दिगंबरनं गाडीत फटाके ठेवले असतील. त्याचा भाऊ भेटला तर वाकून नमस्कार करतो. सुमनबाई परत टपरी लावायला लागल्या. अजून हाकेला चहा आणतात, पण गाडीच्या मागून येत नाहीत. सरळ पुढून येऊन ग्लास बाकावर ठेवतात आणि जातात. एकदा मी विचारलं, “बाई, जरा मागनं...” त्या म्हणाल्या, “मिस्तरी, मी त्याला दोनदा सांगितलं होतं. त्यानं माझं नाक ऐकलं न्हाय, तुमचं ऐकलं.” परत मी विचारलेलं नाही.

दिगंबर आता घरी असतो. त्याची बायको आणि भावजय वाती वळतात, तो डाव्या हातानं पेट्यांवर कागद चिकटवतो. मी महिन्या-दोन महिन्यांनी जातो. तो बसायला सांगतो, मी बसतो. गाडीचा विषय तो काढत नाही. मागल्या खेपेला म्हणाला, “मिस्तरी, तुमी सारखं येऊ नका. तुमी आला की घरातल्यांना वाटतंय, काय तरी झालंय.”

मग माझ्या हातात करण्यासारखं एकच उरलं. नाकाशिवाय नळा तपासायची खरी रीत साधी आहे. टाकी काठोकाठ भरायची, टाकीची बाजू उताराला करून गाडी रात्रभर उभी करायची, खाली कोरा कागद टाकायचा. सकाळी कागद बघायचा. त्याला नाक लागत नाही, नाव लागत नाही, विश्वासही लागत नाही. मी गॅरेजसमोर उतार करून घेतला. रंगाऱ्याकडून मोठी पाटी लिहून घेतली: ‘मिस्तरीला वास येत नाही. पेट्रोल पाइप व नळ्याच्या तपासणीसाठी टाकी पूर्ण भरूनच गाडी आणावी. भरल्याशिवाय गाडी तपासली जाणार नाही.’ चार वर्षं जे एका पाटीचं काम होतं, ते असं झालं. या उतारावर जुनी गाडी एक रात्र उभी राहिली तर निदान एका घरातल्या माणसाचा हात शाबूत राहील, असं मी मनाशी म्हटलं आणि पाटीपुढं थोडा वेळ उभा राहिलो.

लोक पाटी वाचतात. एक जण म्हणाला, “मिस्तरी, टाकी भरायची ऐपत असती तर ही गाडी ठेवली असती का?” दुसऱ्यानं पाटी वाचली आणि होतं तेवढं पेट्रोलही वाचवायला गाडी तिथूनच वळवली. आता बरेच जण पाइप पंक्चरवाल्याकडून बदलून घेतात. तो सायकलची ट्यूब लावतो.

पाटी लावून वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत एकच गाडी टाकी काठोकाठ भरून आली. ती आली होती हॉर्न वाजत नव्हता म्हणून.